अकरा पेरं

साडेनऊशेला पडलं, कुरियर धरून.
काडेपेटीहून लहान, काळं, तारांचं शेपूट.
मोंढ्यातल्या दुकानात, फवारणी पंपांच्या रांगेमागं
तळहातावर घेतलं तर सायमा म्हणाली,
मामू, एवढंसं?
चालू करायला दहा झटके लागतात, म्हटलं.
बंद करायला एवढंसं.

इंजिन माझ्याच हातचं. गवत कापायच्या मशीनचं,
सव्वीस सीसी, जिंतूरच्या बागवानानं भंगारात टाकलेलं.
मी रिंग बदलली, कार्ब्युरेटर उकळून काढला,
पत्तेवार सरांनी बाल्साचं अंग केलं, पंख केले,
आणि ते उडालं.
परभणीबाहेरच्या पडकात,
रिटायर झालेल्या मास्तराच्या अंगठ्यावर
फवारणी पंपासारखं ओरडत उडालं.

दिवाळी झाल्यावर एकदा तुरीत उतरलं.
थ्रॉटलची काडी वाकलेली, पंखा थांबेना,
पिवळी फुलं चहूकडं उडालेली.
मी वाकलो.
फिरता पंखा दिसत नसतो हो,
हवाच जरा दुधाळ दिसते तिथं.
उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर
त्या काळ्या रानात राहिलं.
सरांनी विमान माळ्यावर टाकलं
आणि चार महिने दुकानासमोरून सायकल नेली नाही.

आम्ही हिशेब पेरांवर करतो. चार बोटांची बारा.
माझी अकरा.
मामूचं डझन स्वस्त, सायमा गिऱ्हाइकांना सांगते.

तर काम.
कॉईलमधून निघणारी काळी तार सोलायची,
एक टोक डबीला, डबीचं दुसरं इंजिनाच्या अंगाला.
ठिणगी मरत नाही त्यात.
रात्री दारं धरणारा माणूस
खोऱ्याभर मातीनं पाणी वळवतो ना, तेवढंच.
प्लगकडं जाणारी ती अंगात जिरते.
सर किल म्हणतात. म्हणू देत, शिकलेला माणूस.

आणि डबीच्या आत एक दिवा आहे, मोहरीएवढा.
रिसिव्हर अलीकडं, इंजिन पलीकडं,
मधे तार नाही. नुसता उजेड जातो.
कारण ठिणगी लै बडबडी,
तारेनं आली तर रेडिओचं डोकं उठवते.
सायमा म्हणाली, अम्मी आणि खालासारखं.
दोघींमधे एकच भिंत, सहा वर्षं अबोला,
पण लाइट गेली की खिडकीतून
एकमेकींना बॅटरी दाखवतात.

शेवटची गोष्ट सरांनी सांगितली, चष्मा पुसत.
हाक तुटली तरी बंद.
रिमोट पडला, सेल उतरले, समजा मीच पडलो,
काही ऐकू येईनासं झालं की त्यानं गप व्हायचं.
म्हटलं, सर, हाक मारल्यावर थांबणारे
आपण आयुष्यभर पाहिले, तेही थोडेच.

रविवारी सकाळी लिंबाला शेपटीनं बांधलं.
सायमानं दोरी ओढली. नऊ झटके. दहाव्याला लागलं,
धूर, पाचोळा, लिंबावरचे कावळे उठून गेले.
सर शंभर पावलं चालत गेले, वळले,
रिमोट उंच धरला, सगळ्यांना दिसेल असा,
आणि बंद केला.

आवाज तुटला.
मग पंखा दिसायला लागला. दूध, मग चकती,
मग लाकूड, लाकडावरची एक खोच.
ती खोच मी ओळखली.
कुठंतरी टिटवी. लांब कुणाची तरी मोटर.

किती सेकंद? सर धापा टाकत आले.
मी पेरांवर मोजलं होतं,
पण मोजणी सुरू होते तेच पेर नाही माझ्याकडं.
एक असेल, म्हटलं. नाहीतर दोन.
असं चालणार नाही, ते म्हणाले. पुन्हा लावा.
सायमानं दोरी हातात घेतलीच होती.
मागून, म्हटलं तिला.
बंद असलं तरी, कायम मागून.